निर्वासिताला बाजाराची वाट दाखवा

नवी मुंबईत सरकारी खिडक्यांना तोटा नाही. बेलापूरला सिडको भवन आहे, कोकण भवन आहे, महापालिकेचे भव्य मुख्यालय आहे. भूखंडाची खिडकी आहे, पाणीपट्टीची आहे, साडेबारा टक्क्यांच्या अर्जाची आहे. पण जीव वाचवण्यासाठी आपला देश सोडून आलेल्या माणसाने या शहरात नेमके कोणत्या खिडकीवर जावे, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे. पोलीस आयुक्तालयातील विदेशी नागरिक नोंदणीची खिडकी. व्हिसा वाढवायचा तर तेथे, पत्ता बदलला तर तेथे, राहण्याची मुदत संपत आली तर तेथे. अर्ज आता संगणकावर भरतात एवढाच काय तो फरक. शाळा, दवाखाना, रोजगार, वकील यांची माहिती देणारी, त्याला माणूस म्हणून विचारणारी दुसरी खिडकी नाही.

ज्याला शासनाने मदत करावयाची त्याला शासनाने फक्त पोलिसाच्या स्वाधीन केले आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आणि हे म्हणणे आम्ही मुस्लिम लेखकांच्या या अंकात मुद्दाम मांडत आहोत. त्याची कारणे पुढे येतील.

कायद्यात नसलेला माणूस

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जागतिक करारावर भारताने सही केलेली नाही. १९६७ च्या त्याच्या पुरवणी करारावरही नाही. देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञांनी १९९७ मध्ये कायद्याचा एक नमुना तयार केला होता. शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणून पाहिले. दोन्ही कागद कागदच राहिले.

इंग्रजांच्या काळातील १९४६ चा विदेशी नागरिक कायदा अखेर रद्द झाला आणि त्याच्या जागी आप्रवासन व विदेशी नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. वाटले होते की निदान आता तरी निर्वासित हा शब्द कायद्यात येईल. आला नाही. नव्या कायद्यालाही एकच माणूस ठाऊक आहे, तो म्हणजे 'विदेशी'. सहलीला आलेला विदेशी, धंद्यासाठी आलेला विदेशी, अमली पदार्थ विकणारा विदेशी आणि घर जळाले म्हणून पळत आलेला विदेशी, सगळे एका रांगेत. वैध कागदाशिवाय आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. मुदत उलटून राहिलेल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड. आपण विदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही ज्याच्यावर संशय आहे त्याचीच. ज्याच्या गावात पासपोर्ट देणारे सरकारच उरले नाही त्याने काय करावे, हे कायदा सांगत नाही.

असो. कायदा काय म्हणतो यापेक्षा तो रोजच्या जगण्यात काय करतो हे पाहू.

खारघरमधले एक घर

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले. भारत सरकारने अफगाण नागरिकांसाठी तातडीचा ई-व्हिसा काढला. त्याची मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती. आठ दिवसांतच, जे अफगाण तेव्हा भारताबाहेर होते त्यांचे आधीचे सर्व व्हिसा रद्द करण्यात आले. पुण्यात तर अफगाण विद्यार्थ्यांची मोठी वस्तीच होती. ते शिकायला आले होते, निर्वासित म्हणून नव्हे. एका रविवारी काबूलमध्ये सत्ता बदलली आणि सोमवारी त्यांना परतायला देश उरला नाही. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरून पैसे येणे थांबले. पदवी मिळाली की व्हिसा संपतो, म्हणून एक पदवी झाली की दुसरीला नाव घालायचे, ही त्यांच्यापुढची वाट. शिक्षणाची आवड म्हणून नव्हे, राहण्याचा परवाना म्हणून.

असेच एखादे कुटुंब खारघरला भाड्याच्या घरात राहते असे समजा. घरमालकाने विदेशी भाडेकरूची माहिती चोवीस तासांत कळवली पाहिजे. मालक भला असला तरी कटकट नको म्हणून नकार देतो. भला नसला तर त्याच कारणाने भाडे वाढवतो. व्हिसाची मुदत सहा महिने आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा, म्हणून दलालही हात वर करतो.

मुलाला शाळेत घालायचे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला लागू आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही. पण आपल्याकडे शाळांची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मंजूर व्हायचे ते, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरू लागले. मग आधार नसलेले मूल मुख्याध्यापकाच्या हिशेबात मूलच नाही. आधार कायदा म्हणतो की बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेला कोणीही रहिवासी आधार मागू शकतो. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे ओळखपत्र आधार केंद्रावर चालत नाही. सरकारी दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर चालतो. आणि त्या उच्चायुक्तांची कार्यालये आहेत दिल्लीला आणि चेन्नईला. मुंबईत नाही, नवी मुंबईत नाही. मुलाखतीसाठी दिल्लीची गाडी धरायची, ती दोन दिवसांची मजुरी बुडवून.

घरात कोणी आजारी पडले. पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर निघेल. पण मोठे दुखणे आले की महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ हवा, त्याला रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला हवा. ते कोठून आणायचे? त्यातही नव्या कायद्याने रुग्णालयावर बंधन घातले आहे की दाखल होणाऱ्या विदेशी रुग्णाची माहिती कळवावी. म्हणजे दवाखान्याच्या दारातून आत गेलेला कागद दुसऱ्या दाराने पोलिसांकडे जातो. ज्याचा व्हिसा संपला आहे ती बाळंतीण कोणत्या धीराने दवाखान्याची पायरी चढेल?

आणि पासपोर्ट? त्याची मुदत संपली तर नूतनीकरणासाठी मुंबईतील अफगाण वकिलातीत जायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे तालिबान सरकारने आपला माणूस नेमला. ज्याच्या भीतीने माणूस पळाला त्याच्याच टेबलावर त्याने आपले नाव, पत्ता आणि फोटो नेऊन ठेवायचा. निर्वासितांचा जागतिक करार मानणाऱ्या देशांत अशा माणसाला ते सरकार स्वतःचे प्रवासपत्र देते. आपल्याकडे तशी सोय कायद्याने नाही. कोणाला याहून मोठी क्रूर थट्टा सुचत असेल तर त्याने सांगावी.

महाराष्ट्राला हे जमत नाही असे नाही

शासनाला हे झेपणार नाही, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याला महाराष्ट्राचा इतिहास वाचायला सांगू.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती. त्यांत बायका-मुले जास्त. तेथे शाळा होत्या, रुग्णालय होते, चर्च होते, टपालघर होते. त्यांचा धर्म, भाषा, रंग यांपैकी काहीही कोल्हापूरकरांचे नव्हते. आज वळिवड्यात त्याचे स्मारक आहे, पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले. ऐंशी वर्षांपूर्वीच्या निर्वासितांचा अभिमान आपल्याला आहे. आजच्यांचे काय?

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या जागेला उल्हासनगर नाव दिले. केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते होते. पुढे १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वसवली. १९७२ मध्ये आजच्या गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने तेथील लोकांना रोजगार हमी, रेशन अशा योजनांचे दार उघडावे असे ठरवले. १९७१ मध्ये बांगलादेशातून एक कोटीच्या आसपास माणसे आली तेव्हा प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावावे लागे. त्या गरीब देशाने पाच-पाच पैसे जोडून निर्वासितांचा भार उचलला. त्या पिढीला ते तिकीट आजही आठवत असेल.

या प्रत्येक वेळी शासनाने पोलीस नोंदणी केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाही. जमीन, शाळा, शिधा, व्यवसायासाठी कर्ज यांचा विचार केला. आज नवी मुंबईच्या वाट्याला काय आले? २०१९ मध्ये राज्याच्या गृहखात्याने सिडकोकडे नेरूळमध्ये सुमारे तीन एकरांचा भूखंड मागितला. कशासाठी? स्थानबद्धता केंद्रासाठी. नवे सरकार आल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांनी नागरिकांना त्याची भीती नको असे आश्वासन दिले. पण आमचा प्रश्न वेगळाच आहे. परदेशातून आलेल्या माणसासाठी या नियोजित शहराला सुचलेली पहिली वास्तू कोंडवाडा असावी, ही कोणत्या नियोजनाची खूण?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात, भारत ही काही धर्मशाळा नव्हे, अशा अर्थाचा शेरा मारला गेला. याच न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलमधील चकमांच्या खटल्यात, जीविताचा हक्क राज्यघटनेने केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला दिला आहे, असे बजावले होते. आम्हाला दुसरे वाक्य न्यायाचे वाटते. आणि धर्मशाळा या शब्दाबद्दल बोलायचे तर गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे आयुष्यभर खपून धर्मशाळा बांधल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजींसाठी साबू सिद्दिक मुसाफिरखाना उभा राहिला. ज्या भूमीने धर्मशाळा आणि मुसाफिरखाने बांधले, तेथे हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जावा याचे दुःख आम्हाला आहे.

कोणाचा छळ मोजायचा

आता खरी गोम. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या सवलती आहेत, पण त्या कोणाला? पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांना बँकेत खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरते घर घेण्याची मुभा आहे. नागपूर आणि उल्हासनगरमधील सिंधी कुटुंबांना या सवलतींचा आधार झाला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने हेच सहा धर्म धरले; मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने, ३१ डिसेंबर २०२४ पूर्वी आलेल्या याच सहा धर्मांच्या लोकांना कागद नसले तरी शिक्षेतून वगळले.

या सवलती त्यांना मिळाल्या याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांना त्या आधीच मिळायला हव्या होत्या. पाकिस्तानात हिंदू मुलीचे सक्तीने धर्मांतर होते, ख्रिस्ती वस्त्या जाळल्या जातात, हे खोटे नाही, आणि मुसलमान म्हणून त्याची आम्हाला लाज वाटते. तक्रार आहे ती मोजपट्टीची. काबूलची हजारा शिया मुलगी, जिला शाळेतून काढले. पाकिस्तानातील अहमदिया, ज्याला स्वतःच्या प्रार्थनागृहाला मशीद म्हणण्याची बंदी. म्यानमारमधील रोहिंग्या, ज्याचे नागरिकत्वच काढून घेतले. यांचा छळ कोणत्या फुटपट्टीने कमी भरतो? गंमत अशी की डिसेंबर २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्यानेच एक कार्यपद्धती ठरवली होती. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, राजकीय मत यांवरून छळ झालेल्या कोणालाही दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळावा आणि त्यावर खासगी नोकरी करता यावी, असे तिच्यात होते. धर्माची अट नव्हती. पण ते परिपत्रक. परिपत्रक म्हणजे साहेबाची मर्जी. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच गृहखात्याने रोहिंग्यांना शोधून परत पाठवण्याचे पत्र राज्यांना धाडले. मर्जी बदलली की माणूस निर्वासिताचा घुसखोर होतो.

हा घुसखोर शब्द केवळ परक्यापुरता राहत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात धरलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलून दिले गेले. ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. नवी मुंबईतल्या इमारतींवर विटा वाहणाऱ्या बंगालीभाषक मुसलमानाच्या खिशात आज आधार, मतदार ओळखपत्र आणि गावच्या सरपंचाचा दाखला असे सगळे असते, आणि तरी त्याला झोप नसते. निर्वासित आणि घुसखोर यांत फरक करण्याची कायदेशीर रीतच नसली की नागरिक आणि विदेशी यांतला फरकही पोलिसाच्या नजरेवर ठरतो. म्हणून निर्वासितांचा कायदा ही परक्यांवरची मेहेरबानी नाही. ती आपल्याच मजुराची ढाल आहे.

आपल्या घरात

दुसऱ्याकडे बोट दाखवून हा लेख संपवता येणार नाही. रोहिंग्यांसाठी रमजानमध्ये मोहल्ल्यांतून चादरी फिरतात, जकात गोळा होते. पण अहमदियाचा छळ म्हटला की आपल्या व्यासपीठांवर शांतता पसरते. हजारांच्या मशिदीत स्फोट झाला तर निषेधाची पत्रके निघत नाहीत. पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ मध्ये अफगाणांना देश सोडण्याची मुदत दिली आणि त्यानंतर लाखो माणसे सीमेपार हाकलली. मुसलमानाने मुसलमानाला हाकलले. आखातातील श्रीमंत राज्यांनीही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. यावर आपल्यातले किती जण बोलले? सरकारने धर्म पाहून छळ मोजू नये असे सांगण्याचा हक्क, जो स्वतः पंथ पाहून छळ मोजत नाही, त्यालाच आहे.

आणि आपल्याजवळ तर दाखला आहे. आपले हिजरी सन पैगंबरांच्या जन्मापासून सुरू होत नाही. ते एका स्थलांतरापासून सुरू होते. मक्केत छळ झालेले पहिले मुसलमान हबश देशी गेले. तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांचे वकील नजराणे घेऊन गेले आणि ही माणसे आमच्या ताब्यात द्या म्हणाले. राजाने आधी निर्वासितांची बाजू ऐकली, मग नजराणे परत केले. छळ करणाऱ्याच्या हाती कोणाला परत देऊ नये, हे आजच्या जागतिक कायद्याचे सूत्र त्या दरबारात पाळले गेले होते.

मदिनेत अब्दुर्रहमान बिन औफ हे मुहाजिर रिकाम्या हाताने आले. त्यांचे यजमान साद बिन रबी यांनी आपल्या मालमत्तेतला अर्धा वाटा देऊ केला. अब्दुर्रहमान यांनी आभार मानले आणि एवढेच विचारले की बाजार कोठे आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विकायला माल मांडला. निर्वासिताला काय हवे असते याचे याहून साधे उत्तर आम्हाला ठाऊक नाही. त्याला खिरापत नको असते. त्याला बाजाराची वाट हवी असते. आणि आपला तात्पुरता व्हिसा नेमकी तीच वाट बंद करतो. कामाची परवानगी नाही, म्हणून तो चोरून काम करतो. चोरून करतो म्हणून निम्म्या मजुरीत करतो. निम्म्या मजुरीत करतो म्हणून इथला मजूर त्याच्यावर चिडतो. मग आपण म्हणतो, हे लोक आपल्या पोटावर पाय देतात.

दोन आक्षेप

सुरक्षेचे काय, असे विचारले जाईल. रास्त प्रश्न आहे. पण नोंद झालेला, नोकरीला लागलेला, ज्याची मुले शाळेत जातात असा माणूस पोलिसांना सापडतो. लपलेला सापडत नाही. ज्याला हजर होण्यात फायदा आहे तो आपणहून हजर होतो. कैदेच्या भीतीने कोणी पत्ता सांगत नाही.

दुसरा आक्षेप, आधी आपले गरीब पाहा. नवी मुंबईत तर हा आक्षेप पोटातून येतो. ९५ गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे साडेबारा टक्के मिळाले. या भूमीला विस्थापन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पण दि. बा. पाटलांच्या त्या लढ्याचा धडा काय? पुनर्वसन ही दया नसून हक्क आहे आणि तो लेखी हवा, हाच ना? मग तोच धडा दुसऱ्या विस्थापिताला लागू करताना हात का आखडावा? वर्गात आणखी एक मूल बसल्याने आगरी मुलाचे बाक जात नाही.

काय करता येईल

कायदा दिल्लीला व्हायचा, तो मागत राहू. पण पुष्कळ गोष्टी नवी मुंबई आणि पनवेल या महापालिका आणि राज्य शासन उद्या सकाळी करू शकतात. आधार नसलेल्या मुलाला नकार देऊ नये आणि संचमान्यतेत त्याला मोजावे, असा लेखी आदेश शिक्षण विभागाने काढावा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या मुलांना आधी थेट सरकारी शाळेत जायला सांगितले, आणि शाळेने नाकारले तर उच्च न्यायालयात. आपण त्यांना न्यायालयापर्यंत जायची वेळ का आणावी? बाळंतपण, लसीकरण आणि तातडीचे उपचार यांसाठी व्हिसाची तारीख विचारू नये. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा स्त्री, बालक आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील देतो, त्यात नागरिकत्वाची अट नाही. हे त्यांच्या भाषेत लिहून प्रत्येक पोलीस ठाण्यात लावावे. आणि महापालिकेच्या मुख्यालयात एक टेबल असावे. त्यावर वर्दीतला माणूस नसावा. दरी, पश्तो, बर्मी जाणणारा दुभाषी गरज पडेल तेव्हा बोलावता यावा. याला मोठा निधी लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक आदेश लागतो.

केंद्राने करावयाचे कामही मोठे नाही. २०११ च्या परिपत्रकातले शब्द उचलून कायद्यात घालावेत, आणि व्हिसा तात्पुरता असला तरी तो असेपर्यंत काम करण्याची मुभा त्यावर छापावी. धर्माचा रकाना कोरा ठेवावा.

आपल्या वाचकांनी, आपल्या मशिदींच्या विश्वस्तांनी, मराठी शाळांतील आपल्या शिक्षकांनीही हे काम शासनावर सोडून बसू नये. चादर फिरवणे सोपे असते. एखाद्या मुलाचा हात धरून त्याला मुख्याध्यापकासमोर उभे करणे, एखाद्या हजारा बाईसाठी घरमालकाकडे शब्द टाकणे, एखाद्या अहमदियाच्या बाजूने सभेत उठून बोलणे अवघड असते. मदिनेच्या अन्सारांनी अवघड ते केले, म्हणून त्यांचे नाव राहिले.